उजवा खांदा, डावा डोळा: रेड डॉट घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

रेड डॉट साइट, म्हणजे एअर रायफलवर बसवायची, काचेत लाल बिंदू दाखवून नेम धरायला मदत करणारी साइट, परत घेऊन येणाऱ्या ग्राहकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ‘बिंदू मधेच गायब होतो.’ आम्ही बॅटरी बदलतो, बटणं तपासतो, साइट तासभर चालू ठेवून पाहतो. साइट ठणठणीत असते. मग त्या ग्राहकाला आम्ही दोन्ही हात समोर धरून तळव्यांमधल्या फटीतून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सांगतो, आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं. रायफल उजव्या खांद्यावर असते, पण नजरेचा कारभार डाव्या डोळ्याकडे असतो. हे माहितीपत्रक अशा ग्राहकांसाठी आहे. साइटवर पैसे घालण्याआधी ते वाचलंत तर आम्हाला जास्त आनंद होईल.

कर्ता डोळा कोणता?

दोन्ही डोळे उघडे असले तरी दिशा ठरवताना मेंदू एका डोळ्याचं जास्त ऐकतो. नेमबाज त्याला ‘मास्टर आय’ म्हणतात. आम्ही दुकानात ‘कर्ता डोळा’ म्हणतो, कारण घरातल्या कर्त्या माणसासारखा शेवटचा शब्द त्याचा असतो. साधारण दोन तृतीयांश लोकांचा कर्ता डोळा उजवा असतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा डावा असतो आणि थोड्यांचा ठामपणे कुठलाच नसतो. कोणत्या हाताने लिहिता यावरून हे ठरत नाही. चष्म्याच्या नंबरावरूनही ठरत नाही. डावा डोळा कर्ता आहे म्हणजे उजवा अधू आहे असा समज करून घेऊ नका. तो धडधाकट असतो, फक्त दुय्यम असतो.

तपासणी घरीच होते. तीन-चार मीटरवरचं विजेचं एखादं बटण निवडा आणि त्याच्या अगदी समोर उभे राहा. नजर डावी-उजवीकडे वळलेली असेल तर निकाल बदलू शकतो. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बटण त्या फटीत आणा. आता एकेक डोळा मिटून पाहा. जो डोळा मिटल्यावर बटण फटीतून नाहीसं होतं, तो तुमचा कर्ता डोळा. असं पाच वेळा करा. पाचही वेळा एकच उत्तर आलं तर कर्तेपण पक्कं आहे. कधी हे, कधी ते आलं तर ते सौम्य आहे, आणि सौम्य असणाऱ्यांना रेड डॉटचा त्रास सहसा कमी होतो. लहान मुलांची तपासणी करताना त्यांना फटीतून तुमच्या नाकाकडे बघायला सांगा. तुम्हाला त्यांचा जो डोळा दिसेल तो कर्ता. यात मुलाला काही ठरवून सांगावं लागत नाही, म्हणून आमचा भरवसा याच पद्धतीवर जास्त आहे.

रेड डॉटमध्ये नेमकं काय घडतं

साध्या लोखंडी साइटवर डावा कर्ता डोळा खरा घोळ घालतो. दोन्ही डोळे उघडे ठेवले की तो नळीकडे बाजूने बघून नेम धरतो आणि छर्रा डावीकडे जातो. रेड डॉटमध्ये हा घोळ होत नाही. त्याचं कारण साइटच्या रचनेत आहे. आत एक छोटा एलईडी असतो. त्याचा प्रकाश समोरच्या वक्र काचेवरच्या लेपावरून परावर्तित होऊन समांतर किरणांच्या रूपाने मागे येतो. हे किरण काचेच्या बरोबर मागे असलेल्या डोळ्यातच शिरतात. बाजूच्या डोळ्याला बिंदू दिसूच शकत नाही. म्हणजे बिंदू दिसतो आहे याचाच अर्थ उजवा डोळा जागेवर आहे आणि तोच नेम धरतो आहे. ही कल्पना जुनी आहे. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली अशा परावर्ती साइटचं पेटंट घेतलं होतं, आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेवर चालणारी रेड डॉट बाजारात आणली.

त्रास होतो तो वेगळ्या प्रकारचा. उजव्या डोळ्याला साइटची चौकट आणि बिंदू दिसतो, डाव्याला मोकळं, स्वच्छ लक्ष्य दिसतं. मेंदू कर्त्या डोळ्याचं चित्र उचलतो आणि दुसऱ्याचं मागे ढकलतो. मग बिंदू फिकट होतो, लुकलुकतो किंवा पूर्ण नाहीसा होतो. डावा डोळा मिटताक्षणी तो परत झळकला तर साइट चांगली आहे असं समजा. ती बदलून घेण्याची गरज नाही.

यावर काय करता येतं

आधी प्रकाश वाढवून पाहा. बहुतेकजण बिंदू मंद ठेवतात आणि एरवी ते योग्यही आहे, पण दुय्यम डोळ्याचं म्हणणं मेंदूपर्यंत पोचवायला बिंदू एक-दोन पायऱ्या जास्त तेजस्वी लागतो. उन्हात तर नक्कीच. मात्र बिंदूभोवती लाल धुकं पसरायला लागलं की एक पायरी खाली या.

त्यानंतरचा उपाय आम्हाला सगळ्यात जास्त आवडतो आणि तो जवळपास फुकट आहे. नेमबाजीचा संरक्षक चष्मा घाला. तो तसाही घालायलाच हवा, कारण शिशाचा छर्रा कडक पृष्ठभागावरून उसळून मागे येऊ शकतो. त्याच्या डाव्या काचेवर दुधी, अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा साधारण १५ मिलिमीटरचा तुकडा लावा. जागा अंदाजाने ठरवू नका. रिकामी रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डाव्या बुबुळासमोर काचेवर कुणाकडून तरी पेनाने खूण करून घ्या. मान खाली झुकलेली असल्याने ही जागा बहुधा काचेच्या मध्यापेक्षा वर आणि नाकाकडे येते. पट्टीमुळे डाव्या डोळ्याला उजेड मिळत राहतो, फक्त लक्ष्य धूसर होतं आणि उजवा डोळा कारभार हाती घेतो. रायफल खाली आणली की पट्टी नजरेच्या आड येत नाही.

काळी पट्टी लावू नका. एका डोळ्यावर अंधार केला की दुसऱ्याची बाहुलीही मोठी होते आणि बिंदू पसरट दिसू लागतो. डोळा गच्च मिटण्याने तर पापण्यांचे स्नायू थकतात आणि उजवा डोळाही बारीक होतो. दहा-वीस छर्ऱ्यांसाठी डोळा हलका मिटला तर काही बिघडत नाही, त्यात कमीपणाही नाही. तासभराच्या सरावासाठी मात्र पट्टीच बरी.

साइटचं पुढचं झाकण बंद ठेवून दोन्ही डोळ्यांनी नेम धरण्याची युक्तीही तुमच्या कानावर आली असेल. उजवा डोळा काळ्या पार्श्वभूमीवर बिंदू बघतो, डावा लक्ष्य बघतो आणि मेंदू दोन्ही चित्रं एकावर एक ठेवतो. डाव्या कर्त्या डोळ्याच्या माणसाला बिंदू इथे ठळक दिसतो, म्हणून ही युक्ती मोहात पाडते. पण अनेकांच्या डोळ्यांची विश्रांतीची दिशा तंतोतंत एक नसते. एरवी मेंदू ती जुळवून घेतो. झाकण बंद केलं की जुळवायला समान चित्रच उरत नाही. हा फरक एक प्रिझम डायॉप्टर (म्हणजे एक मीटरवर एक सेंटिमीटर) इतका जरी असला, तरी १० मीटरवर बिंदू १० सेंटिमीटर सरकतो. स्वतः करून पाहा: रायफल वाळूच्या पिशवीवर पक्की टेकवा, झाकण बंद करून बिंदूची जागा बघा, मग झाकण उघडून फक्त उजव्या डोळ्याने बघा. जागा बदलली तर ही युक्ती तुमच्यासाठी नाही.

एक सवय आवर्जून टाळा. डावा डोळा कर्ता असलेली माणसं नकळत मान दस्त्यावरून पलीकडे नेतात, म्हणजे डावा डोळा काचेच्या जवळ यावा. त्यामुळे बिंदू काचेच्या काठावर जातो. डोळा हलला की बिंदू लक्ष्यावरून सरकतो, त्याला पॅरॅलॅक्स म्हणतात. साइटवर ‘पॅरॅलॅक्स-फ्री’ असं छापलेलं असलं तरी जवळच्या अंतरावर तो थोडा राहतोच. काच २० मिलिमीटरची असेल, तर १० मीटरवर एवढ्यानेच नेम जवळपास १० मिलिमीटर चुकू शकतो. गाल दरवेळी त्याच जागी, बिंदू काचेच्या मध्याजवळ.

खांदा बदलावा का?

मूल नुकतंच शिकायला लागलं असेल आणि पाचही वेळा डावा डोळाच कर्ता निघाला असेल, तर डावा खांदा शिकवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिला महिना अवघड जातो, पुढे आयुष्यभराची कटकट वाचते. फक्त दस्ता डावखुऱ्यालाही चालेल असा आहे ना, सेफ्टी डाव्या हाताला सोयीची आहे ना, हे खरेदीआधी बघा. याउलट, दहा वर्षं उजव्या खांद्यावर घालवलेल्या माणसाने फक्त रेड डॉटसाठी खांदा बदलू नये. त्याचं काम पट्टी आणि वाढवलेल्या प्रकाशावर भागतं.

नेमबाज स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकल्यापासून मुलांना घेऊन येणारे पालक वाढलेत. त्यांना आम्ही पहिल्यांदा हेच सांगतो, की मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर रेड डॉट घेऊ नका. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत ती चालत नाही. तिथे मागे बारीक छिद्राची आणि पुढे वर्तुळाची साइट असते. त्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तर ३ एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, बिंदूचा आकार त्यात मोजतात) बिंदू १० मीटरवर जवळपास ९ मिलिमीटर जागा झाकतो. कर्त्या डोळ्याचा प्रश्न तिथेही येतोच, आणि त्यासाठी दुसऱ्या डोळ्यापुढे ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीचा आडोसा लावायला नियमांत मुभा आहे.

बिंदूच वेडावाकडा दिसत असेल तर

बिंदू स्वल्पविरामासारखा, फुलासारखा किंवा जोडबिंदू दिसतो अशी तक्रार कर्त्या डोळ्यामुळे येत नाही. बहुतेक वेळा त्यामागे दृष्टिवैषम्य, म्हणजे ‘सिलिंड्रिकल नंबर’ असतो. साइट हातात धरून हळूहळू फिरवा. आकार साइटबरोबर फिरला तर दोष साइटचा आहे, ती आमच्याकडे आणा. आकार तसाच राहिला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि एक वस्तू दोन दिसायला अचानक सुरुवात झाली असेल, तर आधी डॉक्टर, साइट नंतर.

स्प्रिंगच्या एअर रायफलला हाताला येईल ती रेड डॉट लावू नका. ही रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, आणि फक्त मागचा झटका सोसायला बनवलेल्या साइट त्यात खिळखिळ्या होतात. स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी बनवलेलीच साइट घ्या. साइट बसवायची रायफलवरची रेल ११ मिलिमीटरची डव्हटेल (लांबीने दोन खाचा असलेली) आहे की पिकॅटिनी (आडव्या खाचांची, रुंद), हे फोटो काढून दाखवलंत तर क्लॅम्प पहिल्या फेरीत बरोबर मिळेल. कर्ता डोळा डावा असणाऱ्यांना आम्ही मोठ्या काचेची, पातळ चौकटीची साइट सुचवतो, कारण बिंदू शोधायला मान कमी हलवावी लागते.

दुकानात येताना तुमचा नेहमीचा चष्मा घेऊन या. डोळ्यांची तपासणी, पट्टीची खूण आणि दोन-तीन साइटमधून बघणं यात अर्धा तास जातो आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही. तपासल्यावर तुम्हाला रेड डॉट नकोच असं आम्हाला वाटलं, तर आम्ही तसंच सांगू.