साडेपाच परगणे (सोलापूर)

साडेपाच परगणे : सोलापूरचा भुईकोट व त्याच्याकडे लावून दिलेला मुलूख यांचा सोळाव्या शतकातील फार्सी इतिवृत्तांत येणारा उल्लेख. विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्यात या मुलखावरून सुमारे चाळीस वर्षे तंटा चालला. दोन शाही लग्नांत तो आंदण म्हणून पुढे आला. पहिल्या लग्नात तो कबूल झाला की नाही यावरूनच लढाई जुंपली. दुसऱ्या लग्नात तो खरोखर दिला गेला.

मुलूख ज्या गावावरून ओळखला जातो त्याच्या नावाविषयी दोन मते आहेत. ‘सोळा गावे मिळून सोलापूर’ ही व्युत्पत्ती लोकांत रूढ आहे. या सोळा गावांच्या प्रचलित यादीत आदिलपूर, फतेपूर, महंमदपूर अशी नावे येतात. शिवाय सोनलगी आणि खुद्द सोलापूर हीही त्यांत धरलेली असतात. ज्या नावाची फोड करायची तेच यादीत घेतल्यावर सोळा भरतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दुसरे मत शिलालेखांवर आधारलेले आहे. कल्याणीच्या कलचुरींच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात, शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या संबंधातील लेखांत गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे आहे आणि यादवकाळाच्या अखेरपर्यंत ते ‘सोन्नलगी’ या रूपात टिकलेले दिसते. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ (१३१६-१७) च्या संस्कृत लेखात ‘सोनलिपूर’ असे रूप मिळते. किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’, तर तेथील विहिरीवरील लेखात ‘संदलपूर’ आहे. ‘सोनलपूर’मधील ‘न’ गळून ‘सोलापूर’ झाले असावे. हा क्रम उच्चाराच्या दृष्टीने सरळ आहे आणि तो अधिक ग्राह्य वाटतो. ‘आदिलपूर’ हे नाव आदिलशाहीच्या आधीचे असू शकत नाही. सोन्नलगे तिच्याहून तीनशे वर्षांनी जुने आहे.

अर्ध्या परगण्याचा उलगडा मात्र बहमनी राज्याच्या विभागणीत शोधावा लागतो. बहमनी राज्याच्या मूळच्या चार तरफा (प्रांत) होत्या : गुलबर्गा, दौलताबाद, बीदर व वऱ्हाड. वजीर महमूद गावान याने त्यांच्या आठ केल्या. प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर थेट सुलतानाचे किल्लेदार नेमायचे, असे त्याचे धोरण होते. तरफदार बळावू नयेत हा त्यामागचा हेतू उघड होता, आणि म्हणूनच तो त्यांना रुचला नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी गावानचा वध झाला. सुलतानाची सत्ता ढिली पडताच किल्लेदारांनी हाताखालचा मुलूख वतनासारखा धरून ठेवला. परांडा व सोलापूर हा टापू त्यांपैकीच एक.

फार्सी इतिहासकार फेरिश्ता याच्या वृत्तांतानुसार हा टापू अकरा परगण्यांचा होता व तो परांड्याच्या ख्वाजा जहान याच्याकडे होता. त्याचा भाऊ जैनखान याने निम्मा वाटा मागितला. ख्वाजा जहानच्या पाठीशी अहमदनगरकर होते, तर जैनखानाची बाजू विजापूरच्या यूसुफ आदिलखानाने घेतली. अकराचे दोन सारखे भाग केले की प्रत्येकी साडेपाच येतात. ‘साडेपाच’ हा आकडा एखाद्या महसुली मोजमापातून आला असावा, असाही तर्क करता येतो. पण भावाभावांच्या वाटणीचा खुलासा इतका सहज बसतो की दुसऱ्याची गरज भासत नाही. पुढे १५११ मध्ये विजापूरचा कारभारी कमालखान याने जैनखानाकडून सोलापूर घेतले व साडेपाच परगणे आदिलशाहीत आले. इस्माईल आदिलशहा तेव्हा अल्पवयीन होता.

परगण्याची अंतर्गत व्यवस्था या उलथापालथीत फारशी हलली नाही. गावात पाटील-कुलकर्णी, परगण्यावर देशमुख-देशपांडे ही उतरंड सर्वपरिचित आहे. किल्ल्यावरचे निशाण बदलले तरी ही वतनदार मंडळी आपल्या जागी असत, आणि नव्या सत्तेलाही ती हवीच असत.

पहिल्या लग्नाचे साल हिजरी ९३० असे धरले जाते. हे हिजरी वर्ष नोव्हेंबर १५२३ मध्ये सुरू होते, त्यामुळे काही ग्रंथांत १५२३ तर काहींत १५२४ आढळते. दोन्हींत विरोध मानण्याचे कारण नाही. इस्माईल आदिलशहा व बुर्‍हाण निजामशहा यांची भेट सोलापुरास झाली आणि इस्माईलची बहीण मरियम हिचे बुर्‍हाणशी लग्न लागले. बोलणी आदिलशाही सरदार बेळगावच्या असदखानाने केली होती. लग्नानंतर बुर्‍हाणने सोलापूर व साडेपाच परगणे मागितले : असदखानाने ते आंदण म्हणून कबूल केले आहेत, असे त्याचे म्हणणे. इस्माईलने उत्तर दिले की असे वचन देण्याचा अधिकार आपण कोणालाही दिलेला नव्हता. लग्नाच्या बैठकीत मध्यस्थ काय बोलला आणि वधूच्या घरच्याने काय कबूल केले, हा वाद आपल्याकडे नवा नाही. येथे मध्यस्थ एका दौलतीचा सरदार होता एवढेच. पुढच्याच वर्षी वऱ्हाडच्या इमादशहाला सोबत घेऊन बुर्‍हाण चालून आला आणि सोलापूरच्या परिसरात त्याचा पराभव झाला.

या प्रसंगाचे मोठे आधार दोन, आणि दोन्ही दरबारी. फेरिश्ता १५८९ मध्ये अहमदनगर सोडून विजापुरास आला व दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने लिहिले. ‘बुर्‍हाण-इ-मआसिर’ लिहिणारा सय्यद अली तबातबा हा दुसऱ्या बुर्‍हाण निजामशहाचा आश्रित. दोघेही घटनेनंतर पाऊणशे वर्षांच्या आसपासचे. वचन दिले गेले होते. ते असदखानाने आपल्या जबाबदारीवर दिले आणि धन्याने सोयीने नाकारले, असा निष्कर्ष दोहोंचा मेळ घालता काढणे इष्ट वाटते.

तंट्याचे खरे मूळ मात्र भूगोलात आहे. सोलापूरच्या दक्षिणेस हत्तरसंग-कुडल येथे सीना भीमेस मिळते. सोलापूर ते विजापूर अंतर सुमारे १०० किमी.; वाटेत भीमा सोडली तर अडथळा नाही, डोंगर तर नाहीच. सोलापूर निजामशहाकडे गेले की विजापूरची उत्तर उघडी पडे. ते आदिलशहाकडे राहिले की परांड्याच्या उशाशी शत्रू. जमीन काळी, पाऊस बेताचा, पीक रब्बीचे. शाळू आणि त्याचा कडबा ही इथली दौलत होती. घोडदळ पोसणाऱ्या सत्तेला कडब्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पहिला इब्राहिम आदिलशहा (कार. १५३४–५८) याने परदेशी अमीर कमी करून दखनी व हबशी लोकांना जवळ केले आणि महसुली हिशेब फार्सीऐवजी ‘हिंदवी’त ठेवण्याचा हुकूम केला. या ‘हिंदवी’चा अर्थ बहुतेक अभ्यासक मराठी असा करतात. भीमेपलीकडच्या परगण्यांसाठी कानडीही अभिप्रेत असावी. सोलापूरच्या बाजूस मराठी समजण्यास हरकत नाही. १५५१-५२ च्या सुमारास बुर्‍हाणने विजयनगरच्या रामरायाशी करार केला : रायचूर रामरायाने घ्यायचे, सोलापूर निजामशहाने. त्याप्रमाणे किल्ला निजामशाहीत गेला.

तो परत घेण्याचा इब्राहिमचा प्रयत्न एका गैरसमजाने फसला. सोलापूरजवळच्या लढाईत सरदार सैफ ऐनुल्मुल्क ऐन गर्दीत घोड्यावरून खाली उतरला. जिंकू किंवा मरू असा निर्धार झाला की उतरून लढायचे, ही त्याची रीत होती. मागे उभ्या असलेल्या इब्राहिमला कोणी सांगितले की तो निजामशहाला मुजरा करायला उतरला आहे. सुलतानाने शहानिशा न करता विजापूरचा रस्ता धरला. ही हकीकत फेरिश्त्याची आहे. विजापूरच्या आश्रितानेच विजापूरच्या सुलतानाची अशी फजिती नोंदवावी, यामुळे ती विश्वसनीय ठरते.

अली आदिलशहाने (कार. १५५८–८०) सोलापूर व कल्याणी परत मागितली. हुसेन निजामशहाने नकार दिला, तेव्हा अलीने रामरायाला बरोबर घेऊन निजामशाहीवर स्वाऱ्या केल्या. मात्र रामरायाचे बळ दोघांनाही डोईजड झाल्यावर तडजोड झाली. १५६४ च्या सुमारास हुसेनची मुलगी चांदबीबी अलीला दिली गेली व तिच्याबरोबर सोलापूर आंदण गेले. अलीची बहीण हुसेनचा मुलगा मुर्तझा याला दिली. मरियमच्या लग्नात विजापूरहून नगरला जायचे होते तेच आंदण आता नगरहून विजापूरला आले. २३ जानेवारी १५६५ रोजी राक्षसतागडीच्या लढाईत रामराया मारला गेला. या युतीचे श्रेय काही लेखक धर्मैक्याला देतात. सोलापूरचा प्रश्न आधी मिटवल्याशिवाय ती घडली नाही, हे त्यांनी पुरेसे विचारात घेतलेले दिसत नाही.

यानंतर ‘साडेपाच परगणे’ हा प्रश्न म्हणून मागे पडतो. भातवडीच्या लढाईनंतर (१६२४) मलिक अंबरने सोलापूर काही काळ घेतले. १६३६ च्या तहात निजामशाही बुडाली व शाहजहानने सोलापूर आदिलशहाकडे राहू दिले. १६६८ च्या तहाने ते औरंगजेबाला मिळाले. १६८५ मध्ये त्याची छावणी येथे पडली होती आणि विजापूर १२ सप्टेंबर १६८६ रोजी पडले. पुढे हा भाग हैदराबादच्या निजामाकडे व नंतर मराठ्यांकडे आला. मे १८१८ मध्ये जनरल मन्रो याने पेशव्यांच्या फौजेकडून किल्ला घेतला.

किल्ला आज शहराच्या मध्यभागी आहे. तट दुहेरी असून बाहेरची फळी बहमनी, आतली नंतरची मानतात. बुरुजांवर आदिलशाही लेख आहेत. तीन बाजूंस खंदक व पूर्वेस सिद्धेश्वर तलाव अशी त्याची राखण होती. आत बत्तीस खांबी वास्तू व उत्खननात निघालेल्या जुन्या मंदिराचे अवशेष आहेत.