ओलुबादान

ओलुबादान : नैर्ऋत्य नायजेरियातील इबादान या शहराच्या पारंपरिक राजाचे बिरुद. अर्थ ‘इबादानचा धनी’. इबादान ही ओयो या नायजेरियाच्या घटक राज्याची राजधानी असून देशातील सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक आहे. योरुबा लोकांच्या बहुतेक गाद्या ठरावीक राजघराण्यांत फिरतात आणि राजा निवडणारे सरदार त्या घराण्यांतील एखाद्या वारसाची निवड करतात. इबादानला राजघराणेच नाही. येथे राजाचा मुलगा युवराज होत नाही आणि बाप गेल्यावर त्याला गादीवर हक्क सांगता येत नाही. शहरातील जुन्या वाड्यांपैकी कोणत्याही वाड्याचा प्रमुख पायरी पायरीने बढती घेत, नशिबाने पुरेसा जगला तर, राजा होतो.

या विचित्र वाटणाऱ्या पद्धतीचे मूळ शहराच्या जन्मात आहे. इबादान हे नाव ‘एबा ओदान’, म्हणजे गवताळ माळाची कड, यावरून आल्याचे सांगतात. रान आणि माळ यांच्या सीमेवरची ही जागा. योरुबांची पवित्र नगरी इफे येथून आलेल्या लागेलू या सेनानीने येथे पहिली वस्ती केली, अशी आख्यायिका आहे. भर बाजारात एका एगुनगुनाचा, म्हणजे पूर्वजांच्या मुखवटाधारी रूपाचा, पोशाख उघडा पाडल्याच्या पापापायी ती वस्ती उद्ध्वस्त झाली आणि लागेलूने उरलेल्यांसह टेकडीवर आसरा घेऊन रानफळे आणि गोगलगाई खाऊन दिवस काढले. त्या टेकडीची देवता ओकेबादान हिचा उत्सव आजही दरवर्षी होतो आणि त्या दिवशी रस्त्यात गायल्या जाणाऱ्या गाण्यांतील वाह्यातपणा आपल्याकडच्या शिमग्याला लाजवील असा असतो.

आजच्या शहराचा इतिहास मात्र 1829 च्या सुमारास सुरू होतो. जुने ओयो साम्राज्य कोसळत होते, उत्तरेकडून इलोरिन या मुस्लिम अमिरातीच्या घोडदळाचा रेटा होता आणि ओवू नगर पाडून आलेल्या इफे, इजेबू व ओयो येथील लढवय्यांनी या जागी तळ ठोकला. तळ उठलाच नाही. इफेचा माये ओकुनादे हा आरंभीचा नायक. पण लवकरच आपसांतील झगड्यात ओयोवाल्यांची सरशी झाली. प्रत्येक सरदार आपल्या माणसांसह एकेक वाडा करून राहू लागला. या वाड्यांना ‘अग्बो इले’ म्हणतात. वेगवेगळ्या गावांहून आलेल्या या टोळ्यांमध्ये कोणाचेच रक्त राजाचे नव्हते, म्हणून दर्जा ठरला तो लढाईतील कामगिरी आणि हाताखालची माणसे यांवर. वरचा मेला की खालचा एक पायरी वर सरके. ओलुबादानपदाची आजची रचना म्हणजे त्या छावणीतील बढतीचा क्रमच होय.

1840 च्या सुमारास ओशोग्बो येथे इबादानने इलोरिनच्या फौजेचा निर्णायक पराभव केला आणि उत्तरेकडून होणारी आगेकूच थांबली. सर्वांत प्रबळ सरदार ओलुयोले याने ओयोच्या राजाकडून, म्हणजे आलाफिनकडून, ‘बाशोरुन’ हा किताब मिळवला. तो 1847 मध्ये मरण पावला. त्यानंतर सेनापती इबिकुन्ले आणि पुढे बाशोरुन झालेला ओगुनमोला यांच्या नेतृत्वाखाली शेजारचे इजाये नगर 1862 मध्ये धुळीस मिळाले. पूर्वेकडील कित्येक योरुबा नगरांत इबादानचे ‘अजेले’ नावाचे कारभारी बसले. त्यांची वसुली आणि अरेरावी इतकी वाढली की 1877 ते 1893 या काळात किरिजी युद्ध पेटले आणि एकिती व इजेशा हे योरुबा लोक ओगेदेंग्बे या इजेशा सेनानीच्या नेतृत्वाखाली एकत्र आले. ‘किरिजी’ हे नाव बंदुकांच्या आवाजावरून पडले, असे म्हणतात. इबादानचा सेनापती लातोसा याने ओयोच्या सरसेनापतीचा ‘आरे ओना काकान्फो’ हा किताब घेतला होता. तो 1885 मध्ये तळावरच मरण पावला.

त्याच लातोसाच्या काळातील एफुन्शेतान आनिवुरा हिची कहाणी पुरुषी बढतीच्या या व्यवस्थेतील एक फट दाखवते. ती इबादानची इयालोदे, म्हणजे शहरातील स्त्रियांची प्रमुख, आणि मोठी व्यापारी होती. युद्धावर निघालेल्या सरदारांना ती बारूद व हत्यारे उधारीवर देई. पुढे तिने हात आखडता घेतला आणि लातोसाशी तिचे वैर जुंपले. 1874 मध्ये तिचे पद काढून घेण्यात आले आणि त्याच वर्षी तिच्याच घरी तिचा खून झाला. इयालोदेची पदे आजही वेगळ्या शिडीवर आहेत आणि त्या शिडीवरून गादीपर्यंत वाट जात नाही.

यातला विरोधाभास असा की मुकुटधारी राजांना नमवणाऱ्या या शहराला स्वतःचा मुकुट नव्हता. योरुबा समजुतीनुसार डोळ्यांवर मण्यांची झालर सोडलेला मुकुट घालण्याचा अधिकार इफेच्या ओदुदुवापासून, म्हणजे योरुबांच्या आख्यायिकेतील मूळपुरुषापासून, उतरतो. इबादानच्या नायकाला ‘बाले’ म्हणत आणि हा शब्द खेडेगावच्या पुढाऱ्यासाठीही वापरत. नावाला तरी शहर आलाफिनच्या अमलाखालीच होते. 1893 मध्ये ब्रिटिशांशी करार होऊन त्यांचा रेसिडेंट येथे बसला. पुढे ब्रिटिशांनी इबादानला ओयोच्या आलाफिनाखाली ठेवून ही नाममात्र अधीनता खरी केली. लातोसाचा मुलगा शित्तू हा 1914 मध्ये बाले झाला आणि 1925 मध्ये त्याला पदच्युत व्हावे लागले. 1934 मध्ये इबादानचा कारभार ओयोपासून वेगळा झाला आणि 1936 मध्ये बाले ओकुनोला अबास याला ‘ओलुबादान’ हे बिरुद मिळाले. मण्यांचा मुकुट मात्र 1976 मध्ये, गबादामोसी अदेबिम्पे याच्या कारकिर्दीत, डोक्यावर आला.

बढतीची शिडी दुहेरी आहे. एक ओतुन, म्हणजे राजाच्या उजव्या हाताची, नागरी समजली जाणारी ओळ. दुसरी बालोगुन, म्हणजे सेनापतीची ओळ. पहिलीत 22 आणि दुसरीत 23 पायऱ्या आहेत. आळीपाळीने या दोन ओळींच्या टोकावरचा माणूस ओलुबादान होतो. ही पद्धत विसाव्या शतकात पक्की झाली आणि 1957 च्या घोषणापत्राने तिला कायद्याचा आधार मिळाला. सुरुवात वाड्यातून होते. घरातील मंडळी आपला ‘मोगाजी’, म्हणजे कुटुंबप्रमुख, निवडतात आणि ओलुबादान त्याला मान्यता देतो. मग ‘जागुन’ या सर्वांत खालच्या पदावर जागा रिकामी झाली की त्याचा प्रवास सुरू होतो. वरच्या पायरीवरील कोणी वारले की खालची सगळी ओळ एकेक पाऊल पुढे सरकते. शेवटच्या पायऱ्यांवरचे ओतुन, बालोगुन, ओसी, आशिपा, एकेरिन, एकारुन असे ज्येष्ठ सरदार राजाच्या मंडळात बसतात.

म्हणजे गादी ठरते ती मृत्यूंच्या क्रमाने. पुढचा राजा कोण, हे शहरातील शाळकरी पोरालाही माहीत असते. इतर योरुबा गाद्यांवर राजा वारल्यावर जो उमेदवारांचा बाजार आणि कोर्टकज्जा सुरू होतो, तो येथे बहुतेक टळतो. त्याची किंमत म्हणजे वय. सॅम्युएल ओदुलाना 2007 मध्ये गादीवर आले तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती आणि 2016 मध्ये 101 व्या वर्षी ते वारले. पूर्वी शिंपी असलेले आणि पुढे ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यात नाव कमावलेले सालिउ अदेतुंजी 2016 ते 2022 या काळात राजे होते. माजी सिनेटर लेकान बालोगुन यांना मार्च 2022 ते मार्च 2024 अशी दोनच वर्षे मिळाली. ओवोलाबी ओलाकुलेहिन 12 जुलै 2024 रोजी गादीवर बसले आणि वर्ष पुरे होण्याआधी, 7 जुलै 2025 रोजी वारले. या सर्वांत सर आयझॅक अकिन्येले (1955–64) हे निराळे ओलुबादान म्हटले पाहिजेत. निष्ठावंत ख्रिस्ती असलेल्या या राजाने तरुणपणी, 1911 मध्ये, योरुबा भाषेत इबादानचा इतिहास लिहिला होता.

सरकारने या शिडीला हात लावला की गडबड उडते. 2017 मध्ये ओयो राज्याचे गव्हर्नर अबिओला अजिमोबी यांनी ज्येष्ठ सरदारांसह 21 जणांना मुकुटधारी ‘ओबा’, म्हणजे राजे, केले. एका शहरात इतके राजे, ही कल्पनाच पुष्कळांना मान्य नव्हती. ज्येष्ठ सरदारांपैकी माजी गव्हर्नर राशिदी लादोजा यांनी मुकुट नाकारून न्यायालय गाठले आणि 2018 मध्ये तो निर्णय रद्द झाला. तरी प्रकरण मिटले नाही. 2022 मध्ये लेकान बालोगुन यांची पाळी आली तेव्हा, जो आधीच ओबा आहे तो ओलुबादान कसा होईल, असा पेच काढला गेला. कायद्यात दुरुस्ती होऊन सरदारांच्या मुकुटांना पुढे नवा आधार मिळाला आणि लादोजांनीही अखेर मुकुट स्वीकारला.

लादोजा 2003 मध्ये ओयोचे गव्हर्नर झाले होते, 2006 च्या जानेवारीत त्यांना महाभियोगाने हटवले गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते परतले. 26 सप्टेंबर 2025 रोजी, 81 वा वाढदिवस उलटून एकच दिवस झाला असताना, ते 44 वे ओलुबादान झाले. सोहळा मापो टेकडीवरील ब्रिटिशकालीन सभागृहात झाला. डोक्यावर मुकुटाबरोबर अकोको झाडाची पाने ठेवणे हा यातील जुना विधी.

राजवाड्याची गोष्टही अशीच. घराणे नसल्याने घरही ठरलेले नव्हते. जो राजा होईल त्याचे राहते घरच राजवाडा ठरे. अदेतुंजींचा दरबार पोपोयेमोजा येथे भरे, लेकान बालोगुन यांचा अलिइवो येथे. नव्या राजाबरोबर भाट, फिर्यादी आणि हुजरे शहराच्या दुसऱ्या गल्लीत जात. अलीकडे ओके-आरेमो येथे ओलुबादानसाठी कायमचा राजवाडा बांधण्यात आला आहे.