ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना

जुन्या पेट्रोल गाडीबद्दलचा एक गैरसमज असा घट्ट बसलाय की गाडीचं बॉनेट नेहमी उघडणारी जाणती माणसंही तो बाळगून असतात. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगकडे पाळीपाळीने वीज पाठवणारी डबी. तिच्यातले दोन पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे धातूचे दोन तुकडे, एकमेकांना टेकले की पेट्रोल पेटवणाऱ्या प्लगमध्ये ठिणगी पडते, असं त्यांना वाटतं. बटण दाबलं की दिवा लागतो, तसंच हेही असणार. प्रत्यक्षात उलट आहे. पॉइंट टेकलेले असतात तोवर प्लग गप्प असतो, ते विलग होतात त्या क्षणी ठिणगी पडते. एवढी गोष्ट नीट समजली तर पावसाळ्यातल्या सकाळी सुरूच न होणाऱ्या गाडीतला दोष घरच्या घरी सापडतो. नाही समजली तर आधी प्लग, मग कॉइल, मग बॅटरी असं एकेक नवं सामान येत राहतं आणि दोष जिथल्या तिथे असतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत प्रीमिअर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली, पण खासगी पद्मिनी, पेट्रोलवरच्या अँबेसेडर आणि सुरुवातीच्या मारुती ८०० अजूनही लोकांनी जिवापाड जपल्या आहेत. या सगळ्यांत ठिणगी पाडायची पद्धत मुळात एकच. ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याची. एडवर्ड डीड्स यांच्यासोबत त्यांनी १९०९ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन शहरात कंपनी काढली, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरं जोडली की होतं ‘डेल्को’. आपल्याकडचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला आजही डेल्को म्हणतात, तो शब्द तिथून आलाय.

बॅटरी १२ व्होल्टची, आणि प्लगला हवेत पंधरा-वीस हजार व्होल्ट. हे अंतर कॉइल पार करते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात: जाड तारेच्या थोड्या वेढ्यांचं प्राथमिक आणि केसासारख्या बारीक तारेचं, साधारण शंभरपट वेढ्यांचं दुय्यम. शाळेत शिकलेलं फॅरडेचं प्रवर्तन आठवा. चुंबकीय क्षेत्र नुसतं असून भागत नाही, ते बदलावं लागतं. जितकं झपाट्याने बदलेल तितका व्होल्टेज जास्त.

पॉइंट टेकले की प्राथमिक वेटोळ्यातून प्रवाह सुरू होतो, पण तो एकदम चढत नाही. वेटोळ्याला जडत्व असतं. कॉइलचा रोध ३ ओहम आणि प्रेरकता (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) ८ मिलिहेन्री धरली, तर प्रवाहाला त्याच्या शिखराच्या, म्हणजे ४ अँपिअरच्या, दोन-तृतीयांशापर्यंत पोचायलाच पावणेतीन मिलिसेकंद लागतात. इतक्या संथ बदलातून ठिणगी निघणार नाही. ती निघते प्रवाह तोडताना, कारण तेव्हा तेच क्षेत्र सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागाहूनही कमी वेळात कोसळतं.

पण तोडायचा कसा? शेतातल्या लांब पाइपलाइनमधून पाणी वेगात वाहत असताना पुढचा वॉल्व झटकन बंद केला तर पाइप दणकतो, कधी फुटतोही. वाहत्या पाण्याला थांबायचं नसतं. वेटोळ्यातल्या प्रवाहाचं तसंच आहे. पॉइंट उघडायला लागले, त्यांच्यात कागदाएवढी फट पडली, की प्रवाह त्या फटीतूनच उडी मारून पुढे जायला बघतो. उडी बसली तर पॉइंटच्या मध्ये ठिणगी पडते, ऊर्जा तिथेच जळते आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही.

इथे कंडेन्सर लागतो. करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची डबी, तिला एक वायर आणि एक स्क्रू. दिसायला किरकोळ, पण या साऱ्या यंत्रणेतला सर्वांत सुंदर भाग हाच! तो पॉइंटला समांतर जोडलेला असतो. पॉइंट उघडताच अडलेला प्रवाह कंडेन्सरमध्ये वळतो. पाइपलाइनीला वॉल्वजवळ हवेची टाकी जोडली तर पाण्याचा धक्का जसा तिच्यात जिरतो, तसा. कंडेन्सर भरत जातो तसा पॉइंटमधला व्होल्टेज चढतो, पण तोवर फटही रुंदावलेली असते. व्होल्टेज आणि फट यांची ही शर्यत फटीने जिंकायची, एवढ्यासाठीच कंडेन्सर असतो.

थोडं गणित करून बघू. कंडेन्सर ०.२५ मायक्रोफॅरडचा धरला, तर तो आणि वेटोळं मिळून सेकंदाला साडेतीन हजारांच्या आसपास आंदोलनं करतात. प्रवाह शिखरावरून शून्यावर यायला त्या आंदोलनाचा पाव भाग लागतो, सुमारे ७० मायक्रोसेकंद. चुंबकीय क्षेत्रातली ऊर्जा (प्रेरकता गुणिले प्रवाहाचा वर्ग, भागिले दोन, म्हणजे ६४ मिलिज्यूल) सगळी कंडेन्सरमध्ये उतरली असती तर प्राथमिक बाजूला सातशे व्होल्ट आले असते. गाभ्यात काही ऊर्जा जाते, बरीचशी दुय्यम वेटोळं घेतं, म्हणून प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास मिळतात. शंभरपट वेढ्यांमुळे त्याचे होतात वीस-तीस हजार. कंडेन्सर मेला की हा सारा हिशेब कोलमडतो, आणि म्हणूनच शंभर-दोनशे रुपयांच्या आतलं एवढंसं सामान अख्खी गाडी उभी करतं.

आता हत्यारं हातात घेऊ. १२ व्होल्टचा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एक फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), स्क्रू ड्रायव्हर आणि इन्सुलेशन शाबूत असलेली पक्कड एवढं पुरतं. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा. आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं. हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी या कामापासून लांब राहावं.

पहिली तपासणी कॉइलची. प्लग बाहेर काढून, इंजिनला टेकवून ठिणगी बघायची पद्धत सर्रास आहे, पण ती फसवते. प्लगची फट ०.७ मिलिमीटरच्या आसपास असते आणि उघड्या हवेत तेवढी फट अशक्त कॉइलही ओलांडते. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलं असतं आणि दाबलेल्या वायूतून ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. त्याऐवजी कॉइलकडून येणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटर कॅपच्या, म्हणजे झाकणाच्या, मधून काढा आणि पकडीने इंजिनच्या लोखंडापासून ६ मिलिमीटरवर धरा. चावी चालू. पॉइंट टेकलेले असताना ते लाकडी काडीने उचका. निळी, कडाडणारी ठिणगी आली तर कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट ठीक आहेत, दोष त्यापुढे म्हणजे कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा), वायरी किंवा प्लगमध्ये आहे. पिवळसर, बारीक ठिणगी येते आणि पॉइंटमध्येच लखलखाट दिसतो, तर कंडेन्सर बदला. वायर सहा मिलिमीटरहून फार लांब धरू नका, बाहेर वाट मिळाली नाही की तोच व्होल्टेज कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतो.

ठिणगी अजिबात नसेल तर बल्ब काढा. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या स्क्रूला, दुसरं बॉडीला. पॉइंट उघडे असताना बल्ब लागला पाहिजे, टेकले की विझला पाहिजे. कायम लागलेलाच राहिला तर पॉइंट नीट टेकत नाहीत, त्यांच्यावर मळ किंवा तेल आहे. कधीच लागत नसेल तर डिस्ट्रिब्युटरकडची वायर कॉइलवरून सोडवा. आता लागला? मग डिस्ट्रिब्युटरमध्ये कुठेतरी वायर बॉडीला टेकतेय किंवा कंडेन्सर शॉर्ट झालाय. अजूनही नाही लागला तर कॉइलचं प्राथमिक वेटोळं तुटलंय किंवा चावीकडून करंटच येत नाही.

बिघडत आलेल्या कंडेन्सरची एक खोड लक्षात ठेवावी. थंड असताना तो ठीक चालतो, तापला की बिघडतो. गाडी सकाळी छान सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटांनी धक्के देत बंद पडते, थोडी थंडावली की पुन्हा चालते. पेट्रोलच्या नळीत वाफ धरण्याची लक्षणंही अगदी हीच. म्हणून बंद पडल्याबरोबर, इंजिन गरम असतानाच, वरची ठिणगीची तपासणी करा. ठिणगी जोरकस असेल तर मगच पेट्रोलकडे वळा.

पावसाळ्यात बहुतेक वेळा कॉइल वगैरे सगळं शाबूत असतं. कॅपच्या आत दव धरतं आणि ठिणगी प्लगकडे न जाता ओल्या भिंतीवरून बॉडीकडे पळते. कॅप काढून कोरड्या सुती फडक्याने पुसली, थोडी ऊब दिली की काम होतं. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर मात्र ती कॅप बदलाच. ती रेघ कार्बनची असते, तिच्यातून वीज वाहते, आणि कितीही पुसली तरी पुढच्या ओलाव्यात तोच रस्ता पुन्हा उघडतो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेटखाली बघितलं तर गळक्या वायरींवर निळे धागे नाचताना दिसतात. बंपरला लिंबू-मिरची बांधून हे धागे थांबत नाहीत. पेट्रोलच्या नळीवर चुंबक लावून मायलेज वाढवण्याच्या जाहिरातीही त्याच रांगेतल्या आहेत. लोहचुंबकासारखं काहीही पेट्रोलमध्ये नसतं, ते पैसे नवे पॉइंट आणि कंडेन्सर घ्यायला वापरा.

पॉइंट साफ करायला सँडपेपर किंवा एमरी वापरू नका. त्याचे कण टंगस्टनच्या पृष्ठभागात रुततात आणि ते वीज वाहू देत नाहीत. बारीक पॉइंट-फाइल फिरवा, मग कोरा जाड कागद दोन पॉइंटच्या मध्ये धरून ओढा. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टंगस्टनवर ऑक्साइड चढलेलं असतं, कित्येकदा नुसता कागद ओढल्यावर ती सुरू होते. एका पॉइंटवर उंचवटा आणि समोरच्यावर खड्डा झाला असेल तर फीलर गेज उंचवट्याला टेकून फसवं माप दाखवतं, खरी फट त्याहून मोठी असते. असे पॉइंट बदलावेत आणि सोबत कंडेन्सरही, कारण धातू असा एकीकडून दुसरीकडे सरकण्याचं कारण बहुधा तोच असतो.

फट ठेवायची ०.४ ते ०.५ मिलिमीटर, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. कॅमच्या, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, टोकाने पॉइंट पूर्ण उघडले असताना मोजायचं. फट जास्त ठेवली तर पॉइंट टेकलेले राहण्याचा वेळ घटतो. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ६००० फेऱ्यांना दोन ठिणग्यांमध्ये जेमतेम ५ मिलिसेकंद मिळतात, त्यातही प्रवाह चढायला तीनच. ते अजून कापले तर वेगात गाडी मिस मारते. फट कमी ठेवली तर पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे जातं, गाडी चढाला दम टाकते. कॅमवर घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजली की हेच होतं, म्हणून दर पाच हजार किलोमीटरला फट बघावी. कॅमला ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढंच लावा. जास्त झालं तर ते उडून पॉइंटवर जळतं.

आधी फट, नंतर टायमिंग, हा क्रम उलटा करता येत नाही, कारण फट बदलली की टायमिंगही सरकतं. पुलीवरची खूण जुळवून डिस्ट्रिब्युटरची बॉडी सैल करायची आणि तो मघाचाच बल्ब लावून ती हळूहळू फिरवायची. बल्ब विझलेल्याचा लागतो त्या जागी नट आवळायचा.

चावी चालू ठेवून गाडी बंद उभी करू नका. पॉइंट टेकलेले असतील तर कॉइलमध्ये सतत ४ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ५० वॉट, जळत राहतात. बॅलास्ट रोध (कॉइलच्या आधी जोडलेला, प्रवाह मर्यादेत ठेवणारा रोध) असलेल्या गाडीत दीड ओहमची कॉइल असते. तीच बॅलास्टशिवाय जोडली तर प्रवाह दुप्पट होतो आणि पॉइंट भराभर जळतात. आणि कंडेन्सरचा स्क्रू काढताना आत कापडाचा तुकडा घालून ठेवा, किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चुंबक लावा. तो स्क्रू खाली टायमिंग पुढेमागे करणाऱ्या वजनांच्या आणि स्प्रिंगांच्या मध्ये पडला तर अख्खा डेल्को बाहेर काढावा लागतो.