नदी डोंगरात असते

जानेवारी लागला आहे. पाऊस जाऊन तीन महिने झाले, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि तरी गावाबाहेरचा ओढा वाहतो आहे. हे पाणी आलं कुठून?

ते गेल्या जुलैत डोंगरावर पडलं होतं. मातीतून मुरमात, मुरमातून खडकाच्या भेगांत उतरत, हळूहळू पुढे सरकत ते आता ओढ्याच्या काठाला पाझरतं आहे. भूजलशास्त्रज्ञ याला बेसफ्लो म्हणतात. कोरड्या महिन्यांत आपल्याला दिसणारी लहान नदी म्हणजे खरं तर जमिनीखालचं पाणीच, काठोकाठ भरून ओसंडलेलं. ‘पूर्वी आमचा ओढा होळीपर्यंत वाहायचा’ असं जुनी माणसं सांगतात, तेव्हा ती नकळत डोंगराच्या तब्येतीबद्दल बोलत असतात. तोच ओढा आता दिवाळीलाच आटत असेल तर त्याचा दोष एकट्या पावसावर ढकलता येत नाही. पाणी डोंगरात जितके दिवस थांबायचं, तितकं ते आता थांबत नाही.

म्हणून नदी जिवंत करायला निघालेली शहाणी माणसं आधी नदीकडे जात नाहीत, डोंगर चढतात.

पाणलोट समजून घ्यायला कौलारू घर पुरे. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब या वळचणीला येतो, पलीकडे पडलेला त्या वळचणीला. डोंगराची धार म्हणजे हे आढं. तिच्या आतल्या बाजूला पडलेलं सगळं पाणी ज्या एका ओढ्याला मिळतं, त्या ओढ्याचा तो पाणलोट. फरक इतकाच की छपरानं पाणी टाकून द्यायचं असतं आणि डोंगरानं ते धरून ठेवायचं असतं. झाडं, गवत आणि माती गेलेला डोंगर छपरासारखा वागायला लागतो. आपल्या ओढ्यांचं दुखणं ते हेच.

थोडा हिशेब करू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते दहा हजार लिटर पाणी होतं. गावाचं शिवार 1000 हेक्टरचं आणि पाऊस जेमतेम 400 मिलिमीटर, म्हणजे अगदी पर्जन्यछायेतलं गाव धरा. तरी वर्षाला 400 कोटी लिटर पाणी त्या शिवारावर पडतं. गावात दीड हजार माणसं असतील आणि प्रत्येकाला रोज 55 लिटर द्यायचं म्हटलं, तर वर्षाची गरज होते साधारण तीन कोटी लिटर. पडलेल्या पाण्याच्या एक टक्काही नाही! आणि त्याच गावात मार्चमध्ये टँकर येतो. मी हा हिशेब कितीदा तरी मांडला आहे, आणि दर वेळी शेवटच्या ओळीपाशी थबकतो.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून हा प्रदेश घडला. घाटातून जाताना डोंगराला दिसणाऱ्या पायऱ्या याच थरांच्या. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिला. त्याला मांजऱ्या खडक म्हणतात. मधला भाग घट्ट, त्यात पाणी शिरतं ते फक्त भेगांतून. सगळ्यात वर झिजलेला मुरूम. विहिरीला पाणी लागतं ते बहुधा या मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. म्हणूनच एकाच बांधाच्या दोन बाजूंना एक विहीर भरलेली आणि दुसरी कोरडी दिसते. त्यात दैवाचा भाग नसतो, खडकाचा असतो.

या खडकाच्या पोटात जागा मात्र फार थोडी. नदीकाठच्या गाळाचा एक घनमीटर पाण्यानं भरलेला असेल तर उपशाला त्यातून शंभर लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सुटू शकतं. झिजलेल्या बेसाल्टच्या तेवढ्याच तुकड्यातून सुटतं साधारण वीस लिटर. याचा एक परिणाम सुखाचा आहे. फक्त एक सेंटिमीटर पाणी मुरलं तरी भूजलाची पातळी जवळपास अर्धा मीटर वर येते. म्हणून एका चांगल्या पावसात विहिरी तुडुंब होतात आणि गाव खूश होतं. दुसरा परिणाम दुःखाचा: तेवढंच पाणी उपसलं की पातळी तितक्याच झटक्यात खाली जाते. आपल्याला मिळालेली ही जमिनीखालची टाकी उथळ आहे. ती पुन्हा पुन्हा भरावी लागते आणि जपून रिकामी करावी लागते. पाणलोटाचं सगळं काम या दोन वाक्यांत आलं, पण लोकांच्या डोक्यात त्यातलं पहिलंच राहतं.

भरायची सुरुवात माथ्यावरून का? उघड्या मातीवर थेंब आदळला की बारीक कण उडतात, मातीच्या छिद्रांत बसतात आणि वर एक पापुद्रा धरतो. मग पाणी आत न शिरता उतारानं पळतं. पळताना त्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते आणि ते माती ओरबाडत खाली येतं. अशा डोंगराखाली कितीही मजबूत सिमेंटचा बंधारा बांधा, काही पावसाळ्यांत तो गाळानं भरणारच. उलट माथ्यावर पाणी अजून पातळ चादरीसारखं असतं, त्याला अंगात जोर आलेला नसतो. तिथे त्याला थांबवायला कुदळ आणि फावडं पुरतं. ‘माथा ते पायथा’ हा पाणलोटातल्या माणसांच्या तोंडी सतत असणारा शब्द त्यातूनच आला.

माथ्यावरचं हे काम एकदा जवळून बघाच. पारदर्शक नळीत पाणी भरलेलं, नळीची दोन टोकं मोजपट्टी लावलेल्या दोन काठ्यांना बांधलेली. याला हायड्रोमार्कर म्हणतात. एक जण काठी घेऊन उभा राहतो, दुसरा काही पावलं पुढे जातो, वर-खाली सरकत दोन्ही काठ्यांवरचं पाणी एकाच आकड्यावर आणतो. आकडा जुळला की त्या जागा एका पातळीत. तिथे फक्कीची खूण, मग पुढचं पाऊल. तासाभरात उघड्या उतारावर पांढरी रेघ वळत जाते. ती सरळ कधीच नसते, डोंगराच्या प्रत्येक फुगवट्याबरोबर आत-बाहेर होते. त्या रेघेवर खणायचा तो सलग समतल चर. निघालेली माती उताराच्या बाजूला टाकायची, म्हणजे पाण्याला आणखी एक काठ मिळतो. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल असा चर दर मीटरला 180 लिटर पाणी धरतो, आणि एका पावसाळ्यात तो अनेकदा भरून अनेकदा मुरतो. मात्र रेघ चुकली, चर एका अंगाला जरा जरी कलला, तर सगळं पाणी त्या टोकाला धावतं, भराव फोडतं आणि नवी घळ पाडतं. इथे उत्साहापेक्षा त्या नळीतल्या पाण्याचं ऐकावं लागतं.

चर काही वर्षांत बुजतात. तोवर गवत आलं पाहिजे, कारण पुढचं काम मुळांचं आहे. म्हणून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. हे सोपं नाही. ज्याची मिळकत म्हणजे पाच-सात शेळ्या, त्याला डोंगर बंद करायचा तर गवत कापून नेण्याचा हक्क आधी त्याला द्यायला हवा. ज्या गावांनी हे केलं नाही, तिथे बंदी कागदावरच राहिली.

हा विचार नवा नाही. महात्मा फुल्यांनी 1883 मध्येच लिहून ठेवलं होतं की डोंगरटेकड्यांवर ताली-बंधारे असे घालावेत की पावसाचं पाणी आधी शेतांतून मुरत जाईल आणि मग नदीनाल्यांना मिळेल. त्यासाठी पलटणीतली आणि पोलिसांतली माणसं लावा, असंही त्यांनी सुचवलं. पुढे 1972 च्या दुष्काळानं अनेकांना हलवलं. विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंता-उद्योजक पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची ओसाड जमीन घेऊन कामाला लागले. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे, हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार, आणि स्वित्झर्लंडहून येऊन नगर जिल्ह्यात आयुष्य घालवलेले फादर हर्मन बाकर यांनी तेच सूत्र गावागावांत रुजवलं. 2016 मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेच्या निमित्तानं हजारो हातांनी पुन्हा कुदळ धरली.

या साऱ्यांत साळुंख्यांची पाणी पंचायत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण टाकी भरल्यानंतर काय, हा प्रश्न तिनं आधीच विचारला. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरवायचा नाही, माणसांवर ठरवायचा: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी तिच्यासोबत पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. वरवर हे समाजकारण वाटतं, पण वीस लिटरवाल्या खडकाला परवडेल असं गणितही हेच आहे. उसाला एका पिकात दीड हजार मिलिमीटरच्या वर पाणी लागतं. जिथे आभाळातून 400 येतं तिथे उरलेलं शेजाऱ्याच्या वाट्यातूनच येणार.

हिवरे बाजारनं हा धडा पक्का गिरवला. तिथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. पाऊस कमी झाला की रब्बीचं क्षेत्र कमी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा नियम तर कामाइतकाच मोलाचा. बोअर शेकडो फूट खाली जाऊन खोल भेगांतलं पाणी ओढते, आणि ते पाणी परत भरायला एक पावसाळा पुरत नाही.

याच्या उलट जे चाललं आहे ते पाहून जीव तुटतो. नाला खोलीकरणाच्या नावाखाली जेसीबी लावून ओढा मुरमाच्याही खाली, कातळापर्यंत खरवडला जातो. कातळात पाणी मुरत नाही. शिवाय काठच्या मुरमात साठलेलं पाणी उलट त्या खोल चरात उतरून लवकर निघून जातं, म्हणजे शेजारची विहीर आणखी आधी आटते. शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहतं पाणी धरण्यासाठी असलेल्या खड्ड्यात प्लास्टिक अंथरून विहिरीचं पाणी उपसून भरतात. जमिनीखाली सावलीत सुरक्षित असलेलं पाणी उन्हात आणून ठेवायचं आणि उन्हाळ्यात रोज सेंटिमीटरच्या आसपास वाफ होऊ द्यायची!

आणखी एक अवघड गोष्ट. वरच्या गावानं सगळं पाणी अडवलं आणि सगळंच पिकाला दिलं, तर खालच्या गावाची नदी आणखी लवकर आटते. पाणलोटाच्या कामानं पाणी निर्माण होत नाही, त्याची वेळ आणि वाट बदलते. मुरलेल्या पाण्यातलं काही पुढे जाऊ दिलं, तरच नदीला बेसफ्लो मिळतो. त्यामुळे नदीचा हिशेब एका गावाच्या शिवेत मावत नाही.

राजस्थानात अलवर जिल्ह्यातल्या अरवरी नदीच्या लोकांना हे अनुभवातून कळलं. राजेंद्र सिंह आणि त्यांच्या तरुण भारत संघासोबत तिथल्या गावांनी 1980 च्या दशकापासून शेकडो जोहड, म्हणजे मातीच्या बांधांची लहान तळी, बांधली. पावसाळ्यापुरती उरलेली ती नदी 1990 च्या दशकाच्या मध्यात बारमाही झाली. पाण्याबरोबर मासे आले, आणि माशांबरोबर सरकारी मासेमारीचा ठेका. गावकऱ्यांनी तो परतवून लावला, पण मासे कोणाचे हा प्रश्न लगेच पाणी कोणाचं इथवर आला. 1999 मध्ये सत्तरएक गावांनी मिळून अरवरी संसद बसवली. कोणतं पीक घ्यायचं, पाणी किती उपसायचं, गुरं कुठे चरायची, हे तिथे वरची आणि खालची गावं एका बैठकीत ठरवू लागली.