हातपाय काटकुळे, पोट मात्र सुटलेलं

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघेही सडपातळ. अंगातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

असा माणूस आपल्याकडे घरोघरी सापडतो. मनगटं बारीक, गालफडं बसलेली आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली. सगळा दोष त्याच्या जिभेला देऊन भागत नाही. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळं मोजली. वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. म्हणजे ढेरीचा पाया काही अंशी आईच्या पोटातच घातला जातो.

ओटीपोटावर चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी. दुसरी आत, आतड्यांभोवती दडलेली असते. मधुमेह आणि हृदयविकाराशी तिचं नातं अधिक जवळचं. व्यायाम करताना अ‍ॅड्रेनलिन चरबीच्या पेशींना ‘साठा सोडा’ असा निरोप देतं. आतली चरबी तो लगेच ऐकते. त्वचेखालच्या पेशी कानाडोळा करतात, कारण त्यांच्यावर हा निरोप अडवणारे ग्राही (रिसेप्टर) तुलनेने जास्त असतात. गंमत अशी, की घातक चरबी आधी वितळू लागते आणि डोळ्यांत खुपणारी मागे राहते. मग महिनाभर चालून आरशात फरक दिसला नाही, की माणूस बूट कोपऱ्यात टाकतो. नेमका चुकीच्या वेळी.

उठाबशा काढून, पोटाचे व्यायाम करून फक्त तिथलीच चरबी जाईल, ही आशाही सोडलेली बरी. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप्स काढले. चरबीच्या पेशी पोटावर जेवढ्या आकसल्या, तेवढ्याच पाठीवर आणि नितंबांवरही. स्नायू बळकट होतात, हे खरं.

बाळंतपणानंतर पुढे आलेलं पोट तर कधी चरबीचं नसतंच. मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर गेलेले असतात, आणि तिथे उपास नव्हे, फिजिओथेरपिस्ट कामाला येतो. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि मांड्यांकडे जाणारी चरबी पोटाकडे वळते. हे कुठल्या सासूने सुनेला सांगितलेलं ऐकिवात नाही.

वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८० ही मर्यादा. पँटचा नंबर मात्र सांगू नका, ती ढेरीच्या खाली बांधलेली असते.