शून्य, एक आणि ८२,०००

एखादी संख्या कोणत्या पायावर (म्हणजे प्रत्येक स्थानाची किंमत उजवीकडच्या स्थानाच्या किती पट मानून; रोजच्या लिखाणात दहा पट) लिहिली आहे यावर तिचे मूल्य ठरत नाही. पाया बदलला की बदलतात ते फक्त तिचे अंक. त्यामुळे अंकांच्या ठेवणीवरून रचलेल्या क्रमिका ही निव्वळ करमणूक वाटते, आणि एकाच पायापुरता विचार केला तर पुष्कळदा ती तशी असतेही. मात्र एकाच संख्येवर दोन-तीन पायांच्या अटी एकदम घातल्या की प्रश्न भलताच अवघड होतो.

३, ४ आणि ५ या तिन्ही पायांवर लिहिताना केवळ ० आणि १ हेच अंक लागतील, अशा संख्या किती? (पाया २ ची अट घालण्यात अर्थ नाही; तेथे तिसरा अंकच नसतो.) खुद्द ० आणि १ सोडल्यास अशी पहिली संख्या थेट ८२,००० आहे. ती पाया ३ वर ११०१११११००१, पाया ४ वर ११०००११०० आणि पाया ५ वर १०१११००० अशी लिहिली जाते. शेवटच्या रूपाचा ताळा ७८,१२५ + ३,१२५ + ६२५ + १२५ या बेरजेने घेता येतो. तिच्यापुढची संख्या अद्याप कोणालाही सापडलेली नाही.

या टंचाईचे कारण ढोबळ हिशेबाने कळते. ‘न’ ही कोणतीही मोठी पूर्ण संख्या धरली, तर न पर्यंतच्या संख्यांपैकी पाया ५ ची अट पाळणाऱ्या संख्या साधारण न च्या ०.४३ व्या घाताइतक्या असतात, म्हणजे १ या घातांकातून ०.५७ वजा होतात. पाया ४ मुळे ०.५० आणि पाया ३ मुळे ०.३७ वजा होतात. या अटींचा एकमेकींशी काही संबंध नाही असे धरले, तर एकूण घट १.४४ भरते, आणि खर्चायला हाताशी तर १ च आहे; घट १ च्या पुढे गेली की यादी कोठेतरी संपावी. पाया ५ वगळल्यास घट ०.८७ वर येते आणि यादी अनंत असावी असे दिसते. अर्थात हा अदमास आहे, सिद्धता नव्हे.

सिद्धता किती दूर आहे, हे दुसऱ्या एका क्रमिकेवरून दिसते. २न वस्तूंमधून न वस्तू निवडण्याच्या प्रकारांची संख्या ३, ५ आणि ७ यांपैकी एकानेही भागली जाऊ नये, असा न हवा आहे. न = १० घेतल्यास १,८४,७५६ प्रकार मिळतात आणि ते या अटीत बसतात. एर्न्स्ट कुमर यांच्या १८५२ मधील प्रमेयानुसार ही अट अंकांचीच ठरते: न मध्ये न मिळवताना त्या तिन्ही पायांवर कोठेही हातचा येता कामा नये. म्हणून पाया ३ वर १ पर्यंतचे, पाया ५ वर २ पर्यंतचे आणि पाया ७ वर ३ पर्यंतचेच अंक चालतात. शून्य सोडल्यास ही यादी १, १०, ७५६, ७५७ अशी सुरू होते. येथे एकूण घट सुमारे ०.९७ आहे, म्हणजे यादी अनंत असावी, पण ती अगदी काठावरून. कोणत्याही दोन विषम मूळ संख्यांसाठी असे अनंत न असतात, हे पॉल एर्डिश, रॉनल्ड ग्रॅहम, इम्रे रुझा आणि अर्न्स्ट स्ट्राउस यांनी १९७५ मध्ये सिद्ध केले. ३, ५, ७ या त्रिकुटाच्या उत्तरासाठी ग्रॅहम यांनी १,००० डॉलरचे बक्षीस लावले होते.