ऑपरेशननंतरची तिसरी दिवाळी

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या आमच्या डबा-ग्राहकांसाठी

नमस्कार. पहिलं वर्ष बहुतेकांचं छान जातं. ब्लाऊज आत घ्यावे लागतात, पट्ट्याला नवी भोकं पडतात. मग हळूहळू डबा बंद होतो, आणि संपलेल्या गोळ्या पुन्हा आणल्या जात नाहीत. आम्हाला बोलायचंय ते या टप्प्याबद्दल.

स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार जणांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या बायपास (जठर लहान करून अन्नाची वाट पुढच्या आतड्याकडे वळवण्याची शस्त्रक्रिया, हृदयाची नव्हे) झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणून तिसऱ्या दिवाळीला काटा दोन-चार किलो वर सरकला, तर स्वतःला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. त्याच अभ्यासात मधुमेह असलेल्यांपैकी ७२ टक्के जण दोन वर्षांनी मधुमेहमुक्त होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. साखर नॉर्मल आली तरी तपासणी सोडू नका. शस्त्रक्रिया झालेल्यांचं आयुर्मान शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठ व्यक्तींपेक्षा सरासरी तीन वर्षांनी जास्त निघालं, हेही खरं.

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बी-१२ची. शरीरातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघडी पडते. तळपायाला मुंग्या येतात, चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. नस एकदा दुखावली की पूर्ण भरून येईलच असं नाही. शाकाहारी मंडळींनी तर गोळी किंवा इंजेक्शन अजिबात चुकवू नये. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको.

मिसळ कायमची सुटली का, असं नाशिककर विचारणारच! डॉक्टरांनी नेहमीचं जेवण सुरू केलं असेल तर वाटीभर मटकीची उसळ घ्या, तर्री आणि पाव बाजूला ठेवा, सावकाश चावून खा. पाणी अर्ध्या तासाने. बायपासवाल्यांनी उसाचा रस टाळावा. घाम फुटतो, छातीत धडधडतं. वाइनही त्यांना फार लवकर चढते. स्लीव्हवाल्यांची (जठराचा मोठा भाग काढून टाकलेल्यांची) जळजळ वाढत असेल तर नुसत्या अँटासिडवर दिवस काढू नका.

बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दरवर्षी दिवाळीआधी तपासून घ्या. रिपोर्टची झेरॉक्स रिकाम्या डब्याच्या पिशवीत टाका, पुढच्या आठवड्याचा डबा आम्ही ती बघून ठरवू.